सावलीच्या रोपावरची ट्यूब

मी एक जुनी ट्यूब आहे. दोन फूट लांब, अठरा वॅटची, दोन्ही टोकांना काळी पडलेली. तुमच्या दिवाणखान्यात लागते तिची मी सख्खी बहीण, पण माझ्या नशिबी माणसांऐवजी मासे आले. लिंबे गावात, समुद्रापासून चार गल्ल्या वर, एफोसीदादाच्या, आमच्याकडे म्हणतात तसं मोला एफोसीच्या, घरातल्या काचेच्या टाकीवर मी सहा वर्षं जळते आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. मलाही सांगताना बरं वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एफोसीनं मला निवडलं, एवढंच काय ते माझ्या आयुष्यात चांगलं घडलं. माझ्याआधी त्यानं दोन दिवे लावून पाहिले होते. पहिला पिवळा, गोल बल्ब. त्यानं उजेडापेक्षा ऊबच जास्त दिली. पाणी कोमट झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. दुसरा निळा-जांभळा. त्यात मासे लग्नाला निघाल्यासारखे नटलेले दिसायचे, शेजारीपाजारी बघायला जमायचे, पण महिन्याभरात झाडांनी माना टाकल्या. मग एफोसी बाजारात आला आणि एकेक खोकं डोळ्यांजवळ नेऊन आकडे वाचू लागला. त्याला साडेसहा हजार हा आकडा हवा होता. तो आकडा असलेल्या ट्यूबचा उजेड दिवसाच्या उजेडासारखा पांढरा असतो, आणि झाडांना तोच मानवतो.

दुकानदार कंटाळला. "मोला, तुमच्या माशांना पेपर वाचायचाय का?"

"मासे कुठले वाचतात," एफोसी म्हणाला, "पण झाडं वाचतात. आणि चूक सापडली की मरतात."

दुकानदार हसला. एफोसी हसला नाही. त्यानं मला कापडात गुंडाळलं आणि काखेत धरून चालत घरी आणलं.

त्याच्या टाकीत बाकी सगळं साधंच होतं, पण मधोमध एका काळ्या दगडाला दोऱ्यानं बांधलेलं एक रोप होतं. जाड, गडद हिरवी पानं. त्याला काही मोठं नाव असेल. एफोसी नुसतं 'सावलीचं रोप' म्हणायचा. तरुणपणी तो कमरेएवढ्या पाण्यात उतरून हीच रोपं पोत्यांनी उपसायचा आणि परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला विकायचा. पुढे त्याच्या खेड्यामागचं रान ताडतेलाच्या मळ्यासाठी तोडलं गेलं, ओढ्यावर थेट ऊन पडू लागलं आणि रोपं जळाली. एफोसी आठवडाभर दगड उलथत हिंडला, तेव्हा हे एक हाती लागलं. उरलेलं शेवटचं.

"उपसणाऱ्यांत मीही होतो," तो आपल्या मुलीला, लिमुंगाला सांगायचा. "आता काठावर झाडं लावलीत. त्यांची सावली पडायला लागली की हे परत नेऊन लावायचं. मी नसलो तर तू."

लिमुंगा शिवणकाम करायची. मशीन थांबवून ती नीट ऐकायची. दिवसाला आठ तास उजेड, मग अंधार. हा धडा त्यानं तिच्याकडून घोटून घेतला होता. "जास्त उजेड म्हणजे जास्त माया नव्हे गं," तो म्हणायचा. "सावलीत जन्मलेल्याला सावलीच द्यावी लागते." वीज गेली तर इतरांसारखा तो चरफडत नसे. झाडाला तेवढाच आराम, असं म्हणून खुशाल आडवा व्हायचा.

ताप आला आणि तिसऱ्या दिवशी एफोसी गेला.

खेड्याहून त्याची थोरली बहीण एनांगा आली, आणि तिच्याबरोबर घराण्याची रीत आली. गेलेल्या माणसानं आपल्या हातानं लावलेला एकही दिवा नऊ दिवस विझवायचा नाही. विझला तर त्याला आपलं घर ओळखू येत नाही. ओसरीवरचा बल्ब, स्वयंपाकघरातला बल्ब आणि मी, सगळ्यांची बटणं तिनं स्वतः चालू केली. वाईट बाई नव्हती ती. भावाला तिनं पाठीवर बांधून वाढवलं होतं.

"आत्या, टाकीवरची ट्यूब तेवढी बंद करू दे," लिमुंगा म्हणाली. "आठ तासांच्या वर चालत नाही."

"चांगली चालतेय की."

"झाडाला चालत नाही म्हणतेय मी."

आत्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. "बाप गेलाय तुझा, आणि तुला पाल्याची पडलीय?"

ओसरीवरच्या बायकांनी चुकचुकाट केला. लिमुंगाचा हात बटणापर्यंत गेला होता, तो तिनं खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. देवाशपथ सांगते, आयुष्यात मी कशासाठी इतकी आसुसले नव्हते. पण तासाभरात चुलत्यांनी जनरेटर आणून अंगणात धडधडत ठेवला, आणि मी पुन्हा पेटले. मित्रांनो, आम्हाला स्वतःहून विझता येत नाही. लोक येत, रडत, जेवत, आणि एफोसीचे मासे उपाशी कसे राहतील म्हणून हातातल्या मियोंडोचा, म्हणजे उकडलेल्या कंदाच्या कांडीचा, तुकडा टाकीत टाकत. ते अन्न पाण्यात कुजू लागलं. वरून माझा उजेड. चौथ्या दिवशी पाण्याला हिरवी झाक आली, सहाव्या दिवशी सावलीच्या रोपाच्या पानांवर शेवाळाची दाढी उगवली.

आत्या टाकीला नाक लावून बघत होती. तिची नजर अधू. "बघ," ती लिमुंगाला म्हणाली, "मरेल म्हणत होतीस. सगळं कसं हिरवंगार झालंय. माझ्या भावाचा हात आहे त्याच्यावर."

लिमुंगा काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण शोकाच्या घरात मोठ्यांपुढे आवाज कोण चढवणार?

नववा दिवस सरताच तिनं मला बंद केलं, टाकीवर चादर टाकली, बादल्यांनी पाणी बदललं, एकेक पान बोटांनी पुसलं. आठवडाभर ती हेच करत होती. मग एके सकाळी तिनं दगड बाहेर काढला. दोरा सोडला, तर मुळाचा गोळा तिच्या तळहातावर चिखल होऊन पसरला. बापाच्या प्रेतापाशी ती इतकी रडली नव्हती.

त्याच दिवशी खेड्याहून निरोप आला. काठावरची झाडं छातीला लागलीत, अजून दोन वर्षांत सावली धरतील.

मी नीट निवडलेली ट्यूब होते. माझा रंग बरोबर होता, आकडा बरोबर होता. तरीही मीच मारलं त्याला. दिवा घ्याल तेव्हा आकडा जरूर वाचा, पण तो कधी विझवायचा हेही शिकून घ्या. आणि ते ठाऊक असेल, तर चारचौघांत मोठ्यानं सांगा.

आत्या आता इथंच राहते. रोज दुपारी टाकीपुढे खुर्ची ओढते आणि विचारते, "रोप कसं आहे?"

"आहे, आत्या."

"वाढलं?"

"थोडं."

मग आत्या समाधानानं म्हणते, "लाव की त्याचा दिवा." लिमुंगा बटण दाबते, आणि मी त्या रिकाम्या दगडावर उजेड पाडत राहते. मित्रांनो, कधी त्या घरी गेलात तर दाराच्या डाव्या हाताला बटण आहे. तेवढं बंद करा.