डबीवरचा आकडा

"गिळा, भाऊ, गिळा! बत्तीस वर्षं लोकांना दरडावलंत, आता तुमची पाळी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

तोंडात प्लास्टिकची कडी घेऊन डाव्या कुशीवर पडलेल्या दुर्बीणभाऊंना उत्तर देता येईना. एरवी दुर्बिणीनं पोट तपासायच्या याच खोलीत ते डॉक्टरांच्या शेजारी चिमटा सांभाळत उभे असत. माणसाचा चेहरा विसरत, जठर विसरत नसत. गेले दोन महिने घास उतरत नव्हता, पँट पट्ट्याच्या भरवशावर होती. बायकोला मात्र "ॲसिडिटी गं" म्हणून वाटेला लावलं होतं. झोपेचं इंजेक्शनही त्यांनी नाकारलं. "मला बघायचंय."

सिस्टरांनी दुर्बिणीचा टीव्हीसारखा पडदा अशा बेतानं फिरवला की डॉक्टरांना दिसावा, भाऊंना नाही.

नळी घशाखाली गेली. डॉक्टरांच्या गप्पा रंगल्या होत्या. मधेच त्या थांबल्या.

"चिमटा द्या, सिस्टर."

भाऊंनी कान टवकारले. तपासायला जठराचे दोन तुकडे काढले म्हणजे जंतूंची चाचणी, गोळ्या आणि घर. त्यापुढे गेलं, की डॉक्टरांना नको ती शंका आलेली असते.

"उघडा... बंद."

एक.

"उघडा... बंद."

दोन. बास, भाऊ मनात म्हणाले. काढा नळी.

"उघडा."

तीन. चार. पाचव्याला डोळ्यांतून पाणी आलं. नळीनं येतंच ते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पेशंटची घालत तशीच. सहा. सात. डॉक्टर इतके सढळ कधीच नव्हते.

आठ.

नळी निघाली. "रिपोर्ट येऊ दे, मग बोलू," एवढं म्हणून डॉक्टर हात धुवायला गेले आणि धुतच राहिले.

भाऊ उठून बसले. "किती घेतले?"

"दोनच. जंतूंसाठी," तुकड्यांच्या डबीवर चिठ्ठी चिकटवत सिस्टर म्हणाल्या. "उगाच तर्क लढवू नका. वहिनी बाहेर बसल्यात, हसत जा."

चिठ्ठीवर त्यांनी खरोखरच दोन लिहिलं होतं. या बाईंनी आजवर भाऊंच्या शंभर चुका काढल्या होत्या. त्यांची एकही भाऊंना सापडली नव्हती.

"पेन द्या."

"भाऊ, राहू द्या ना..."

"द्या हो. आकडा जुळला नाही की लॅबवाले डबी परत पाठवतात. आठवडा फुकट जातो."

त्यांनी दोनवर काट मारली, शेजारी ठसठशीत आठ काढला. खाडाखोड केली की सही लागते, म्हणून खाली सहीही केली.