खाडीकडचं चाक

"खाडीकडच्या चाकाचं डोकं अर्धं बोट आत घे, आनि त्याच अंगाची स्प्रिंग जरा कडक कर," एवढं सांगून वामनदादा कुणाच्या तरी स्कूटरवर बसले आणि ट्रॅकची माती बघायला गेले.

गुडघे गेल्यापासून त्यांचं हे असंच. डोकं त्यांचं, हात माझे. दादा खाडीकाठच्या दिवाळे गावचे कोळी. उमेदीत होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, मग गाड्यांकडे वळले. चाकं सरळ आहेत की नाहीत ते अजून मासेमारीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ताणून बघतात. मी बाबासो, वाळव्याचा. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. डावं-उजवं म्हटलं की दादा गोंधळतात. एक बाजू खाडीकडची, दुसरी डोंगराकडची, बस्स. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. आमच्याकडेही वरलं रान आणि खाल्लं रान असंच म्हणतात. शिवाय दिवाळ्याच्या शेडमधून खाडी समोरच दिसते, चुकायचं कारणच नव्हतं.

पण आज गाडी उलव्यात होती. भराव घालून सपाट केलेल्या मैदानावर मातीतली शर्यत होती आणि अर्पिता आमची गाडी चालवणार होती. मातीत गाडी वळली की सगळं वजन बाहेरच्या चाकावर येतं. ते चाक वरून जरा आत झुकलेलं असलं तर मातीला धरून राहतं. बाहेरचं चाक कुठलं, हे वळणं कुठल्या बाजूची त्यावर ठरतं. ते सकाळी अर्पिताला कळलं, तिनं दादांना सांगितलं, आणि दादांनी मला सांगितली ती फक्त खाडी.

मी मान वर करून पाहिलं. गाडीच्या डाव्या अंगाला, कुंपणापलीकडे पाणी चमकत होतं. जॅक डावीकडे लावला आणि तासाभरात काम संपवलं. दादा परत आले तेव्हा आमचा नंबर पुकारला होता. एरवी ते चाकांवरून हात फिरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. आज तेवढी उसंत मिळाली नाही.

खरं तर आजच चुकायला नको होतं. अर्पिताचे वडील कुंदनशेठ उलव्यातले मोठे जमीनवाले. त्यांनी परवाच सुनावलं होतं, की पोरगी या वेळी फायनलला गेली नाही तर गाडी तुर्भ्याला जाणार, कॉम्प्युटरवर चाकं लावायला. अर्पिताही हट्टी. वामनकाका चाकं लावतात म्हणून मी बिनधास्त बसते, असं तिनं बापाला तोंडावर सांगितलं होतं.

पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी वळलीच नाही. नाक डावीकडे, गाडी सरळ. टायरांच्या ढिगावर जाऊन आदळली आणि धुळीत दिसेनाशी झाली. मग धुळीतून अर्पिताचा हात वर आला. ती ठीक होती, गाडीही चालत होती. फायनल गाठायला अजून एक फेरी बाकी होती.

गाडी परत आली तशी दादांनी काठी टेकत तिला वळसा घातला. दोन्ही चाकं पाहिली.

"मी काय सांगितलेलं?"

"खाडीकडचं."

"मग?"

मी पाण्याकडे बोट केलं. खोटं कशाला सांगू, मला रागच आला होता. ढळढळीत पाणी दिसतंय, माणसानं आणखी काय समजायचं?

दादांनी त्या पाण्याकडे पाहिलं. "ती खाडी नाय रे. भराव घातला तवा पानी वलवायला खोदलेला नाला हाय तो." मग उजवीकडच्या उंच इमारतींकडे काठी केली. "खाडी हितं होती. माज्या बापाची होडी हितं लागायची."

माझा राग तिथल्या तिथे विरला. जन्मभराची खाडी त्यांच्या डोक्यात होती तिथेच होती. बुजली होती ती फक्त आमच्यासाठी.

तेवढ्यात कुंदनशेठ आले. चूक कुणाची, असं विचारत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात माझे होते, मी तोंड उघडलंच होतं.

"माजी," दादा म्हणाले. "त्याला सांगन्यात माजी चूक झाली."

शेठ काहीतरी बोलणार होते. अर्पितानं हेल्मेट हातात घेतलं आणि शांतपणे विचारलं, "काका, आता बरोबर लावाल ना?" दादांनी मान डोलावली. शेठ माघारी वळले.

अर्ध्या तासात आम्ही सगळं उलट केलं. या वेळी दादा खुर्ची टाकून माझ्याजवळच बसले आणि शेवटी दोन्ही चाकांवरून हात फिरवला. दुसऱ्या फेरीत गाडी वळणाला चिकटून गेली. अर्पिता चौथी आली आणि फायनलमध्ये गेली. शेठनी तुर्भ्याचं नाव काढलं नाही. दादांसाठी स्वतः चहा आणला.

फायनलसाठी आयोजकांनी ट्रॅक उलटा फिरवला. म्हणजे पुन्हा सगळं बदलायचं. मी पाना घेऊन उभा राहिलो. दादा दोन्ही चाकांकडे आळीपाळीनं बघत होते. मला वाटलं, सकाळचं मनात असेल. म्हणालो, "दादा, तुम्ही खाडीच म्हणा की. कुठली खाडी ते आता मला ठावं हाय."

"तुला ठावं हाय," दादा म्हणाले. "उद्या दुसरा कोनी पाना धरील, त्याला कुठं ठावं हाय? आत पोरगी बसते, बाबासो. जी खाडी नाय, तिच्या भरवशावर गाडी लावायची नाय."

मग त्यांनी जेवायचा हात जरासा उचलून पाहिला, तो खाली ठेवला, आणि दुसरा पुढे केला.

"डावं," ते म्हणाले.

मी जॅक डावीकडे नेला.