दोन मणांची अट

कुरुंद्यात मंगळवारी माणिकरावांच्या खळ्यात हळद तोलली जाई. त्या दिवशीही सकाळीच तिकाटणं उभं राहिलं, त्याला लोखंडी काटा टांगला गेला आणि बद्रुद्दीन मापाड्यानं पहिलं पोतं चढवून ‘बरकत’ पुकारली. पहिल्या पोत्याला तो कधी ‘एक’ म्हणत नसे. दुपारपर्यंत एक्केचाळीस पोती झाली. काटा उतरवायला त्यानं हात घातला, तोच ओसरीवरून माणिकरावांच्या आईनं, मंजुळाबाईंनी, हाक दिली.

“थांब बद्रुद्दीन. एक नग राहिलाय आमचा.”

हमाल खाली मान घालून हसले. घरातून सून आली. अनुसया पदर कपाळापर्यंत ओढून पारड्यात बसली आणि तिनं दोन्ही हातांनी दोऱ्या धरल्या. काट्याची जीभ मधोमध येऊन थांबली.

“दोन मण चार शेर,” बद्रुद्दीननं पुकारलं.

“आन् मागल्या मंगळवारी?”

“चारच, बाई.”

“त्याच्या मागल्या?”

“चारच.”

“म्हंजी कोठीला कुलूप घातलं, रातची भाकर बंद केली, तरी चारच. कुठून खाऊन राहिली ही? उंदराची जात हाय का हिची?”

माणिकराव पोत्यांची तोंडं शिवून घेत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

ही एक्केचाळीस सालची गोष्ट. अनुसया सव्वीस वर्षांची. मुलगी पारू झाली, त्या बाळंतपणानंतर तिला दुखणं लागलं ते सुटलंच नाही. तोंड सुजायचं, आवाज घोगरा झाला, केस झडले, भर चैत्रात ती घोंगडी घेऊन बसायची. घुसळायला बसली की रवी हातात धरूनच झोपायची. घरानं त्याला आळस असं नाव दिलं, आणि अंग वाढलं त्याला चोरून खाणं. भावानं तिला हिंगोलीच्या डॉक्टरकडे नेलं. गळ्यातली एक गाठ मंदावली आहे, असं सांगून डॉक्टरनं गोळ्यांची बाटली दिली. गोळ्या लागू पडल्या. माघात दोन मण अकरा शेर भरलेली बाई फाल्गुन सरेपर्यंत चारवर आली, आणि तिथंच थांबली.

बायकोनं नवऱ्यापेक्षा जड असू नये, असं मंजुळाबाईंचं म्हणणं होतं. माणिकराव दोन मण, म्हणजे ऐंशी शेर, भरले होते. म्हणून अट दोन मणांची, आणि मुदत आखाजीची, म्हणजे अक्षयतृतीयेची; तोवर उतरली नाही तर दुसरी बायको. डोंगरकडा गावचे गोपीचंद आपली पोरगी सवतीवर द्यायला तयार होते. पहिल्या वेळी पारड्यात बसवणं ही थट्टा होती. तिसऱ्या वेळेपासून तो घरचा रिवाज झाला, आणि गावात कोणाला तो वावगा वाटला नाही. बद्रुद्दीनलाही नाही.

त्या दिवशी काटा बांधून झाल्यावर त्यानं पाणी मागितलं. तांब्या घेऊन अनुसयाच आली.

“चाचा, एक मागू का?”

“पानी मी मागितलं, आन् तू काय मागून राहिली?”

ती जरा हसली. मग मागं वळून पाहत म्हणाली, “आखाजीच्या आधी दोन मण पुकारा.”

बद्रुद्दीननं तांब्या खाली ठेवला.

“डाक्टर म्हनले, आधी सूज उतरंल, आवाज सुटंल. वजन सगळ्यात मागून. थोडं राहीलबी, म्हनले, त्याला भिऊ नका. सहा महिने लागतील, वरीसबी लागंल. गोळी रोज एकच, जास्ती घेतली तर काळजावर येती. आन् उपाशी राहू नका. आता आखाजीला मंगळवार राहिले दोन. मला माहेरी धाडनार, चाचा, आन् पारू हितंच ठिवनार. चार वर्सांची हाय ती.”

“घरात सांगितलं का तू हे?”

“सांगितलं. सासूबाई म्हनल्या, डाक्टरबी जाडाच असंल.”

बद्रुद्दीन हसला नाही. “पोरी, तीस वर्सांत मी पाव शेराचा फरक केला न्हाई. तुझ्यासाठी केला तर उद्या माझ्या काट्याला कोन मानंल?”

अनुसयानं तांब्या उचलला. “बराबर हाय, चाचा,” ती म्हणाली आणि आत गेली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्याचं त्याला बरं वाटलं. घरी जेवताना त्यानं ही हकीकत खतीजाबीला सांगितली. आपण डगमगलो नाही, हे बायकोला कळावं असं त्याला वाटत होतं. खतीजाबी रोटी थापत ऐकत होती.

“गीली हल्दी काटे पर चढाते क्या तुमे?” तिनं विचारलं.

“नै. पानी का वजन आता उसमें. वापस भेजता मैं.”

“और बीमार औरत को चढाते.”

तिनं रोटी तव्यावर टाकली. बद्रुद्दीन ताटावरून उठला. पण मंगळवारी तिकाटणं न्यायला नकार द्यावा, हे त्याच्या मनात आलं नाही.

पुढच्या मंगळवारी दोन मण एक शेर भरले. मंजुळाबाई खूश झाल्या. कुलपाचा गुण, म्हणाल्या.

आखाजीच्या आधीचा मंगळवार उन्हाचा होता. अनुसया बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. भर चैत्रात घोंगडी घेणारी ती बाई. डोळे मोठे दिसत होते, गालांची हाडं वर आली होती. ती पारड्यात बसली. बद्रुद्दीननं वजनं लावली आणि काट्याच्या जिभेवर नजर ठेवून उभा राहिला. जीभ थांबेना. हळदीचं पोतं चढलं की पारडं दोनदा हेलकावतं आणि गप्प होतं. हे पारडं थरथरत राहिलं. दोऱ्यांत, दोऱ्या धरणाऱ्या हातांत, सगळीकडं तीच थरथर होती.

“अनुसया, जरा गप बस,” तो म्हणाला.

“गपच हाय, चाचा.”

“बोल की बद्रुद्दीन,” ओसरीवरून आवाज आला. “काय भरली?”

जीभ थांबल्याशिवाय त्यानं आजवर आकडा पुकारला नव्हता. त्या दिवशी पुकारला.

“एक मण अडतीस शेर.”

“बघा,” मंजुळाबाई हमालांना म्हणाल्या, “औषध-बिवषध काय न्हाई. तोंड बंद केलं की उतरतं.”

अनुसयानं पदराआडून सासूकडे पाहिलं. मग पाय खाली टेकवले, उभी राहिली, दोन पावलं चालली आणि हळदीच्या ढिगावर कोसळली. बद्रुद्दीननं मनगट धरलं. नाडी मोजता येऊ नये इतकी धावत होती.

गाडी जुंपून वसमतच्या दवाखान्याकडे काढली. निम्म्या वाटेवर माणिकरावांनी बैल थांबवले, कारण घाई करण्याचं कारण उरलं नव्हतं. आषाढापर्यंत पुरायची बाटली घरात रिकामी सापडली. ती दिवसाला पाच-सहा गोळ्या घेत होती, आणि दिली जाणारी एक भाकर पारूला चारत होती. दुखणं होतं, दुखण्यानं गेली, असं गाव म्हणालं.

ज्येष्ठ लागायच्या आत गोपीचंद पोरीला घेऊन कुरुंद्याला आले. चतुरा पंधरा वर्षांची होती. खळ्यात शेवटची हळद तोलून झाली होती, काटा अजून टांगलेला होता. मंजुळाबाईंनी सुपारी पुढं ठेवली आणि सहज म्हणाल्या, “फोडायच्या आधी पोरीला पारड्यात बसवा. पुढं कमी-जास्त कळायला बरं.”

चतुरा बापाकडं बघून उठली. निऱ्या आवरून पारड्याजवळ गेली.

बद्रुद्दीननं पारडं हातानं धरलं. “हिला मी तोलनार न्हाई.”

“काहून? हात दुखत्यात का?” मंजुळाबाई म्हणाल्या.

“ह्या घरच्या सुनेला, अनुसयाला, मी तोललं. दहा मंगळवार. बिमार बाई होती, डाक्टरनं सांगितलं होतं की वजन मागून उतरंल. हितं कुनाला थांबायचं नव्हतं. दोन मण भराया तिनं सगळ्या गोळ्या खाल्ल्या आन् पोटाला मारलं. तिनं मला एक खोटा आकडा मागितला होता, मी दिला न्हाई. आन् शेवटच्या दिवशी पारडं थांबलं नसताना आकडा दिला, तुमी घाई केली म्हनून.” तो गोपीचंदांकडं वळला. “तुमाला ह्यांनी दुखणं सांगितलं असंल. मला म्हाईत हाय ते हे हाय.”

माणिकराव जमिनीकडं बघत होते. गोपीचंदांनी सुपारी उचलली होती, ती हातातच राहिली. तेव्हा चतुरानं विचारलं. तिला ठाऊक नव्हतं, म्हणून विचारलं.

“मग मला किती भरावं लागंल?”

गोपीचंदांनी सुपारी ताटात ठेवली आणि गाडी जुंपायला सांगितलं. मंजुळाबाई पाठीमागून बोलत राहिल्या. वेशीपर्यंत चतुरानं वळून पाहिलं नाही.

बद्रुद्दीनला माणिकरावांच्या खळ्यात पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या साली माणिकरावांचं लग्न झालं नाही. पुढच्या साली झालं, दुसऱ्या गावच्या मुलीशी. सुपारीच्या दिवशी तिला पारड्यात बसवलं होतं. कुरुंद्यात दुसरा मापाडी होता.