शिरोळे सरांचा आवाज

चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर सिक्युरिटीवाले व्हिजिटिंग कार्ड घेत, 'साहेबांना देतो' म्हणत आणि टेबलाच्या खणात टाकत. असं बरेच महिने चालल्यावर मिहिर अबोलीला म्हणाला, "गेट कुणी उघडत नाही गं. पण मोबाइल प्रत्येक मालक उघडतो. आपण तिथून आत शिरू."

दोघांची जाहिरात एजन्सी होती, 'ठसा'. मोशीत एका मेडिकल दुकानाच्या वर दोन खोल्या. पुण्यातल्या नोकऱ्या सोडून दोघांनी ती काढली होती. साखरपुडा झाला होता आणि लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. मिहिरने ठसाच्या नावाने रील टाकायला सुरुवात केली. एखादं बोधचिन्ह कसं सुचलं, एका मिठाईवाल्याचा खोका कसा बदलला, असं काहीबाही. त्यातून खरंच कामं यायला लागली. आधी एक हॉटेलवाला, मग एक बिल्डर. आणि मग कुरुळीजवळच्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने वर्षभराच्या कामासाठी पहिल्या फेरीत तीन एजन्सी निवडल्या, त्यात ठसाचं नाव होतं.

"बाकीच्या दोन्ही एजन्सी आपल्यापेक्षा मोठ्या आहेत," मिहिर म्हणायचा. "मीटिंगच्या आधीच कंपनीवाल्यांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे आपण."

अबोलीचे वडील अनंत शिरोळे संत तुकाराम नगरात राहायचे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. कविता म्हणायला लागले की शेजारच्या वर्गातली मुलंही गप्प बसत. आदल्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक छोटं यंत्र दिलं होतं, पण त्यातून येणारा सपाट, घरघरता आवाज सरांना सहन होत नसे. मागच्या खोलीचं दार लावून ते एकटेच सराव करायचे. कुणी आलं की यंत्र उशीखाली जायचं.

एका रविवारी सकाळी अबोली बाल्कनीतल्या कुंड्यांचा व्हिडिओ काढत होती. सर दारात येऊन उभे राहिले, गळ्याला यंत्र लावलं आणि म्हणाले, "अबोली, चहा झाला का?"

शब्द न् शब्द कळला. अबोलीच्या हातातला फोन त्यांच्याकडे वळला तो तसाच राहिला. स्वयंपाकघरातून तिची आई, सुमनताई, ओल्या हातांनी धावत आली. सर लाजल्यासारखे हसले आणि पुन्हा म्हणाले, "झाला का?"

अबोलीने तो व्हिडिओ मिहिरला पाठवला. खाली लिहिलं, 'बाबा बोलले!!!'

दुसऱ्या दिवशी ती चाकणला छपाईवाल्याकडे बॅनर तपासत असताना मैत्रिणीचा फोन आला. "अगं, काकांची रील बघून रडले मी."

"कसली रील?"

तिने उघडून पाहिली. बाबा दारात उभे होते. मागे हळू पियानो वाजत होता. शेवटी काळ्या पडद्यावर अक्षरं आली, 'आवाज गेला, तरी ओळख जात नाही. तुमच्या ब्रँडचा आवाज, ठसा.'

तिने तिथूनच मिहिरला फोन लावला. "काढ ते."

"अगं, कमेंट तरी वाच! सरांचे जुने विद्यार्थी लिहितायत. लोक रडतायत."

"बाबांना विचारलंस?"

"त्यांना सरप्राइज द्यायचं होतं. आणि ऐक ना, कुरुळीच्या त्या कंपनीच्या साधना मॅडमनी स्वतः शेअर केलीय. परवा बोलावलंय आपल्याला. दोन दिवस राहू दे, मग काढतो."

"आत्ता काढ, मिहिर."

"दोन दिवस गं."

त्या संध्याकाळी ती घरी पोहोचली तेव्हा धनेश आला होता. सरांचा जुना विद्यार्थी, आता भोसरीत वर्कशॉप चालवायचा. हातात फुलांचा गुच्छ होता. "सर, काय बोललात! पार हलवून टाकलंत राव!" असं म्हणत त्याने मोबाइल सरांपुढे धरला.

सरांनी ती रील पहिल्यांदा तिथे पाहिली. काळ्या पडद्यावरची ओळ त्यांनी चष्मा सारखा करून वाचली. मग उशीखालून यंत्र काढून गळ्याला लावलं.

"ही कशाची जाहिरात आहे?"

धनेश गोंधळून हसला. मग अबोलीकडे बघू लागला. सरांनी यंत्र कपाटात ठेवलं आणि त्याला खुणेनेच बसायला सांगितलं.

त्यानंतर ते बोलले नाहीत. अबोलीने हात जोडले, सुमनताई रागावल्या. ते नुसती मान हलवायचे.

मीटिंगला अबोली गेली, कारण सगळं सादरीकरण तिनेच केलं होतं. साधना मॅडम उठून पुढे आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "तुमच्या वडिलांनी मला रडवलं हो. आमच्या कॅम्पेनमध्ये सर येतील का?"

"विचारतो ना," मिहिर म्हणाला. "नक्की येतील."

"ते आता बोलत नाहीत," अबोली म्हणाली.

"म्हणजे?"

"ती रील पाहिल्यापासून."

मॅडमनी हात सोडले नाहीत. मिहिरने घाईघाईने पहिली स्लाइड लावली. काम ठसालाच मिळालं.

बाहेर रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. मिहिर गाडीचं दार उघडून उभा होता. "आपल्यासाठीच केलं ना मी? लग्नानंतर त्यांचं सगळं मीच बघणार होतो."

"तो व्हिडिओ मी तुला पाठवला होता, मिहिर. तुला."

"चुकलो. आज काढतो. बस गाडीत."

"मी बसने जाते," ती म्हणाली. "आणि उद्यापासून ऑफिसला येणार नाही. घरच्यांना तू सांगशील की मी सांगू?"

त्याने गाडीचं दार लावून घेतलं. शेवटी लग्न मोडल्याचं दोघांच्या घरी तिनेच सांगितलं.

मिहिरने रील काढली. माफी मागायला घरीही आला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, समोर बसवून त्याला चहा पाजला. तो रडत जिना उतरला. पण तोवर सरांचा आवाज लोकांनी उचलून आपापल्या रीलना लावला होता. कुणी त्यावर कुत्र्याला बोलतं केलं, कुणी बायकोला चिडवलं. सुमनताई भाजी घेत असताना शेजारच्या बाईच्या मोबाइलमधून तो घरघरता आवाज आला, 'अबोली, चहा झाला का?' आणि ती बाई खो खो हसली. सुमनताई रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. नवऱ्याला त्यांनी भाजी संपली होती म्हणून सांगितलं.

थंडीत सरांचं दुखणं उलटलं. अबोली रजा टाकून त्यांच्यापाशी बसून असायची. तिने पुन्हा नोकरी धरली होती. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सर तिच्याकडे एकटक बघायला लागले. तिने धावत जाऊन कपाटातलं यंत्र आणलं आणि त्यांच्या गळ्याशी धरलं. "बाबा, इथे आपणच आहोत. बोला ना."

त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला. नुसते ओठ हलवले. दोनदा, सावकाश. तिला कळलं नाही.

"काय म्हणाले गं आई?"

पायथ्याशी बसलेल्या सुमनताईंनी पांघरूण सारखं केलं. "म्हणाले, जेवून घे."

ते खरंच तेच म्हणाले, की आईने आपल्या मनाने सांगितलं, ते अबोलीने कधी विचारलं नाही. त्या दुपारी ती स्वयंपाकघरात गेली, ताट वाढून घेतलं आणि बाबांना दिसेल अशी दाराशी जेवायला बसली.