उस्तादांच्या छातीतलं मशीन आणि मी

मित्रांनो, मी एक जुनं वेल्डिंग मशीन आहे. आजकालची मशीनं एका हातात धरून नेता येतात. मला हलवायला दोन माणसं लागतात आणि दोघंही मला शिव्या घालतात. माझ्या पोटात तांब्याच्या जाडजूड तारांची वेटोळी आहेत. कारखान्यात ती गुंडाळणाऱ्या बाईने माझी पहिली गुरगुर ऐकली आणि "हा खमक्या निघाला," असं म्हटलं. ते कौतुक मी अजून विसरलेलो नाही.

मला विकत घेतलं उस्तादांनी. सगळे त्यांना उस्तादच म्हणत, कारण त्यांनी सांधलेलं लोखंड पुन्हा तुटून आल्याचं कुणाला आठवत नाही. आम्ही मिळून फाटकं केली, जिने केले, दवाखान्याच्या खाटा केल्या. वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवताना हात जरा चुकला, तर तो तिथेच चिकटून बसतो. शिकाऊ माणसांचा हमखास चिकटतो. उस्तादांचा कधीच नाही. त्यांच्यामुळे मीही जरा तोऱ्यात असे.

मग त्यांना धाप लागू लागली. त्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे ताळतंत्र सोडून फडफडत होते आणि खालच्यांनाही तसंच पळवत होते. औषधांनी गुण येईना. म्हणून आधी त्यांच्या छातीत, कातडीखाली, काडेपेटीएवढा पेसमेकर बसवला. हृदय मंदावलं तर ठोका देणारं ते यंत्र. पुढची पायरी बाकी होती, आणि तिचा निर्णय उस्ताद काही केल्या घेईनात.

वर्कशॉप घराला लागूनच, त्यामुळे सगळी बोलणी माझ्यासमोर होत.

"हृदयात वरून खाली निरोप नेणारी जी वाट आहे, तीच डॉक्टर जाळून बंद करणार," त्यांची लेक समजावत होती. ती त्यांच्याच हाताखाली काम शिकत होती. "मग वरची धांदल खाली पोचणारच नाही. ठोका द्यायचा तो पेसमेकरने."

"आणि तो बंद पडला तर?"

"सहसा पडत नाही. बॅटरी संपत आली की आधीच कळतं, मग बदलतात. पण बाबा, जाळलेली वाट परत जोडता येत नाही. तुमचा स्वतःचा ठोका मग भरवशाचा उरणार नाही."

"जन्मभर मी मशीन चालवलं," उस्ताद चिडले, "आता मशीन मला चालवणार!"

"इतकी वर्षं मी चालवतेय, तेव्हा नाही कुरकुर केलीत," त्यांची बायको म्हणाली. उस्तादांना हसू फुटलं आणि हसता हसता त्यांना पुन्हा धाप लागली. मग कुणीच हसलं नाही.

लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि याच्याजवळ परत जायचं नाही. हे चालू असताना याच्या विजेची खळबळ पेसमेकरला हृदयाचा ठोका वाटू शकते. हृदय चालू आहे असं समजून तो गप्प बसेल. आज मागे तुमचा ठोका तरी आहे. उद्या नसेल."

मित्रांनो, उस्ताद नाही म्हणाले तर त्यांचं हृदय पळून पळून थकणार होतं. हो म्हणाले तर माझ्या नुसत्या गुरगुरण्याने त्यांचा जीव जाऊ शकत होता.

"फाटकाचं काम उरलंय, तेवढं झालं की बघू," एवढंच ते म्हणाले.

एके सकाळी लेक सामान आणायला गेली. उस्ताद एकटेच आत आले. पेसमेकर बसल्यापासून वेल्डिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. तरी त्यांनी तोंडावर मुखवटा चढवला आणि माझं बटण दाबलं. माझा फ्यूज उडावा असं मला पहिल्यांदाच वाटलं. तो काही उडाला नाही.

सुरुवातीचा सांधा सुरेख उतरला. मग धाप लागली, हात चुकला आणि रॉड चिकटला. उस्तादांनी हिसका दिला. रॉड सुटेना. मी तापून कण्हू लागलो. मुखवट्याआडून त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मला काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात लेक दारात आली. हातातलं सामान तिथेच टाकून तिने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

मग ती बापाशेजारी येऊन बसली. उस्तादांनी मुखवटा वर केला.

"चिकटला गं," ते म्हणाले. "माझा रॉड चिकटला."

त्यांनी मुखवटा उतरवून तिच्या हातात दिला.

"माझ्याच ठोक्याचा भरवसा राहिला नाही, मग त्याला धरून कशाला बसू? डॉक्टरांना सांग, जाळा म्हणावं."

ते सगळं पार पडून आता बरेच दिवस झाले. उस्ताद न थांबता जिना चढतात. माझ्यावर लेक काम करते, आणि तिचा रॉड चिकटला की अंगणापलीकडच्या खुर्चीतून हुकूम येतो, "सावकाश! घाई कुणाला आहे?" उस्ताद जवळ येत नाहीत म्हणून सुरुवातीला मी रुसलो होतो. पुसायला कुणी नसल्याने माझ्यावर धूळ साचली, कडेला गंजही चढला. आता संध्याकाळी ते दाराबाहेर उभे राहून हाक मारतात, लेक मला बंद करते आणि मगच ते आत येऊन फडक्याने मला पुसतात. दिवसातली ती वेळ मला सगळ्यांत प्रिय आहे.

मित्रांनो, माझ्यासारखं मशीन कुठे दिसलं तर ते सुरू करण्याआधी दाराकडे एकदा बघा. कुणाच्या छातीत काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

आणि उस्ताद मला पुसायला वाकतात ना, तेव्हा त्यांच्या छातीतल्या त्या चिमुकल्याला मी रोज एकच सांगतो. बाबा रे, तू थांबू नकोस. थांबायचं ते मी थांबतो.