खडकात शिरलेला निळा मासा

तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे मात्र एकेरीच म्हणणार. अच्युत. माझा नवरा, कारखान्यातला मोठा साहेब, आणि गेल्या वर्षापासून आमच्या हॉलमधल्या कॉटवर पडलेला. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. डोळे आणि कान मात्र शाबूत, आणि मला तेवढंच हवं होतं.

कॉटच्या समोर टँक आहे. सहा फूट लांब, खाऱ्या पाण्याचा. भोपाळला समुद्र कुठला, म्हणून मिठाच्या गोण्या मागवून तो घरात तयार करायचा. आत खडकांचा डोंगर, त्यावर प्रवाळ, वर निळसर दिवे, आणि चोवीस तास चालणारे पंप. मासे मुंबईहून थर्मोकोलच्या खोक्यांतून हबीबगंज स्टेशनला उतरायचे. शाहपुऱ्याला आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, पण तिथे वीज जाते आणि कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जात नाही. तेवढ्यावरून अच्युतने तो भाड्याने दिला. स्वतःच्या घरात राहायची माझी हौस माशांनी खाल्ली.

पाणी बदलायचं, मीठ कालवायचं, काच घासायची, ही कामं माझी. चहा पिता पिता पाहुण्यांना माहिती सांगायची, हे काम त्याचं. एक गोष्ट तो दरवेळी सांगे. "डॅमसेल म्हणून एक मासा असतो. निळाशार, अंगठ्याएवढा, दिसायला गोड आणि स्वभावाने महाहलकट. आपल्यापेक्षा मोठ्या माशांना सुखाने जगू देत नाही. आणि एकदा खडकात शिरला की त्याला धरायला अख्खा खडक उपसावा लागतो. माझ्या टँकमध्ये तो कधीही येणार नाही." मग माझ्याकडे बघून, "घरात एक आहे, तेवढा पुरे." पाहुणे हसायचे. मी ट्रे घेऊन उभी असायची. मीही हसायची.

हे सगळं मी गिळलं असतं. पण नागपूरला आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा अच्युत टूरवर होता. भावाचा फोन आला, मी याला फोन केला. म्हणाला, "मी येईपर्यंत टँक सोडून हलायचं नाही. राजेंना काही झालं तर बघ." राजे म्हणजे त्याचा पिवळाधमक टँग मासा. ताटलीएवढा, टँकचा मालक. मी हलले नाही. का हलले नाही, ते मलाही सांगता येत नाही. इतकी वर्षं हो म्हणून म्हणून पायांनाच सवय लागली असेल. आई गेली. अच्युत परत आला, बूट न काढता टँकपाशी गेला, राजेंशी लाडाने बोलला, आणि मग मला म्हणाला, "वय झालंच होतं त्यांचं." त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं, आणि ते मी आणलेलं हवं होतं.

कॉट टँकसमोर लावायची कल्पना माझीच. डॉक्टर म्हणाले होते, आवडीचं काहीतरी डोळ्यांसमोर ठेवा. कॉलनीत माझी वाहवा झाली. शेजारच्या क्वार्टरमधली मीना म्हणाली, "सुचेताताई, सच्ची, तुम्ही सावित्री आहात सावित्री. भाईसाहेबांचं किती करता!"

कॉट लावून झाली आणि मी बिट्टन मार्केटच्या मासेवाल्याकडे गेले. डॅमसेल मागितला तसा तो दचकला.

"मॅडम, साहब तो इसका नाम सुनके भड़क जाते थे."

"अब नहीं भड़कते," मी म्हटलं.

सगळ्यात तरतरीत दिसत होता तो निवडला. घरी येऊन पिशवी अच्युतच्या डोळ्यांसमोर धरली. त्याने ओळखला. डाव्या हाताने चादर आवळली, घशातून घरघर काढली, मान हलवायला बघितलं. मीना तेव्हा बसलेलीच होती. "बघा बघा, कसे खूश झाले!" असं म्हणून तिने टाळ्या वाजवल्या. मी टँकवर पिशवीचं तोंड सोडलं. निळा मासा सरळ खडकात शिरला.

पहिले काही दिवस तो गप्प होता. मग खडकातली मधली कपार त्याने आपली केली, आणि मग सगळा खडकच. पहिली गेली ती फायरफिशची जोडी. गरीब मासे, कुणी अंगावर आलं की लपणारे. लपायला जागा उरली नाही तशी टँकबाहेर उडी मारली. सकाळी स्टँडमागे सुकून पडलेली सापडली. मी बशीत घालून अच्युतला दाखवली. नंतर नारिंगी क्लाऊन मासे. त्यांनी बरीच झुंज दिली, पण शेपट्यांच्या चिंध्या झाल्यावर कोपऱ्यात वर तोंड करून राहिले आणि तसेच गेले.

अच्युत हे सगळं बघायचा. दुसरं करणार काय? मी त्याला भरवायचे, मऊ खिमटी, चमच्याने. लहान मुलांना चिऊकाऊचा घास देतात ना, तसं म्हणायचे, "हा घास फायरफिशचा. हा घास क्लाऊनचा. तोंड उघडा, अजून राजेंचा राहिलाय." तो ओठ घट्ट मिटायचा, मग भूक लागली की उघडायचा. मला आनंद व्हायचा. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला.

राजे टिकतील असं मलाही वाटत होतं. एवढा थोराड मासा. पण निळ्याने त्यांना धड खाऊ दिलं नाही. रोज कल्ल्याचा लचका, रोज परांचा लचका. पिवळा रंग मातकट झाला, अंगावर पांढरे ठिपके आले. औषध कपाटात होतं, मला मात्रा पाठ होती. मी कपाट उघडलं नाही. राजे वाळूवर आडवे झाले तेव्हा मी कॉटशेजारी स्टूल घेऊन बसले आणि अच्युतच्या डोळ्यांकडे बघत राहिले. कोरडे. ठणठणीत कोरडे! आईसाठी नाही, माझ्यासाठी नाही, राजेंसाठीसुद्धा नाही.

एवढ्यावर मी थांबले असते. पण पुढे भलतंच झालं. टँकमध्ये एकटा निळा उरला आणि अच्युतला तो आवडायला लागला. मी काच पुसायला हात घातला की निळा माझ्या बोटांना चावायचा, आणि कॉटवरून आवाज यायचा. हसण्याचा. वाकड्या तोंडाने, लाळ गाळत, पण हसण्याचाच. सकाळी डोळे उघडले की तो आधी कपारीकडे बघायचा. व्यायाम करून घेणारा मुलगा एक दिवस ओरडला, "आंटी, अंकल की उंगली चली!" मासा जिकडे जाईल तिकडे अच्युतचं उजवं बोट सरकत होतं. डॉक्टर म्हणाले, "छान, सुधारणा आहे."

माझ्या हातांनी मी त्याला जोडीदार आणून दिला होता. टँकमध्ये दुसरं कुणी उरलं नव्हतं, याचंसुद्धा त्याला काही वाटत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून मी पदर खोचला आणि खडक उपसायला घेतला. एकेक दगड, प्रवाळासकट, बादलीत. चिकटवलेले होते ते हातोडीने फोडले. अच्युतने वर्षानुवर्षं मिलिमीटर मोजून रचलेला डोंगर. हातांना चरे पडले, तोंडावर खारं पाणी उडालं. निळा एका दगडातून दुसऱ्यात पळत राहिला. दगड संपले तेव्हा उघड्या वाळूवर तो एकदम एवढासा दिसला. जाळीत धरला, पाण्याच्या जगमध्ये घातला आणि जग अच्युतसमोर नेला.

"बघून घ्या," मी म्हटलं, आणि जग जेवणाच्या ताटात पालथा केला.

मासा ताटात तडफडायला लागला. अच्युतचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग वर्षभरातला पहिला शब्द आला.

"नको."

आणि डोळ्यांतून पाणी. खरोखरचं पाणी, गालावरून उशीवर. मी ताट त्याच्या छातीवर ठेवलं. "ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा." त्याने म्हटलं. मी पुन्हा म्हणवून घेतलं. मासा हलायचा थांबेपर्यंत म्हणवून घेतलं.

हातोडीचा आवाज ऐकून मीना धावत आली होती. दारातच थबकली. "ताई, भाईसाहेब बोलले? मी ऐकलं, आवाज ऐकला मी! काय म्हणाले?"

ताट मी पदराआड धरलं.

"माझं नाव घेतलं," मी म्हटलं.

अच्युत मीनाकडे बघून जोरजोरात मान हलवत होता. तिचे डोळे भरून आले. आधी ती वाकून त्याच्या पाया पडली, मग माझ्या.