रातव्याचा नियम

माझी नात मयुरी लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फैजपूरच्या सासरहून नरडाण्याला आली, ते २०२२ साल. घरात झोका बांधला होता, सांजोऱ्या तळणं चालू होतं, आणि त्याच आठवड्यात मी अभयकुमार शेठला धावताना पाहिलं. शेठ धावतात, असं गावात कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो.

माझ्या शेताला लागून मुरमाचं नापीक बरड आहे. शेठनी ते गोदामासाठी घेतलं होतं आणि पायाचा मुहूर्त आखाजीचा धरला होता. ईशान्येच्या कोपऱ्यात आखणीची चुन्याची फक्की मारायला ते वाकले, तर त्यांच्या पावलाजवळचा एक दगड उठला आणि पंख घासत पुढे जाऊन पडला.

"हिलाल, धर त्याला! पंख मोडलाय! पांजरापोळात नेऊ!"

"राहू द्या शेठ, ते नाटक करी राह्यनं."

"नाटक? अरे, मरतंय ते!"

रुमाल पसरून शेठ पुढे, पाखरू त्याच्या चार हात पुढे. शेठ थांबले की तेही थांबे, आणखी जोरात फडफडे. शेवटी बांधावरच्या बाभळीपाशी त्याने दोन्ही पंख सरळ केले आणि निघून गेलं. शेठ बाभळीत.

"ढोंगी!" काटे काढत शेठ म्हणाले.

मी त्यांना कोपऱ्यात नेऊन दोन अंडी दाखवली. फिकट गुलाबी, डागाळलेली, उघड्या मुरमावर. ते पाखरू म्हणजे रातवा; तो घरटं बांधत नाही. कोणी जवळ आलं की पंख मोडल्याचं सोंग घेऊन त्याला लांब नेतो. दिवसभर डोळे मिटून दगड होऊन बसतो. दिवस मावळला की चक-चक-चक करत उठतो आणि भलंमोठं तोंड उघडून उडता उडता पतंग, भुंगे गिळतो. कपाशीवरच्या अळ्यांचे पतंगही त्यात जातात, म्हणून मला त्याचं प्रेम.

शेठनी ही फजिती घरी हसत सांगितली आणि तिथेच फसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी लाडकुंवर अक्का आल्या, छत्री आणि खुर्ची घेऊन. अक्कांचं जैनांतलं वर्षीतप चालू होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं वर्षभर. ते आखाजीला उसाच्या रसाने सुटणार होतं. धुळ्याला मोठं पारणं ठरलं होतं, नातेवाईक यायचे होते.

पाखरू परत अंड्यांवर बसलेलं होतं. भर उन्हात चोच किंचित उघडी, गळा तेवढा थरथरतोय.

"हिलालभाऊ, हे पाणी पीत नाही?"

"दिवसा नाही, अक्का."

"खात नाही?"

"दिवसा नाही."

अक्कांनी हात जोडले. "मग माझं तप काय मोठं! पिल्लं निघेपर्यंत इथे कुदळ लागणार नाही."

शेठ माझ्या मागे लागले. "आखाजीचा मुहूर्त गेला तर वर्षभर पाया पडायचा नाही. तू तिला सांग, ते रात्री जेवतं, आणि तेही जीव मारून. आमच्यात दोन्ही पाप. लगेच उठेल."

"तुम्हीच सांगा की."

"माझ्यावर तिचा विश्वास असता तर तुला कशाला विचारलं असतं?"

अक्कांना विटाळल्यासारखं वाटलं आणि त्या उठल्या, तर ती दोन अंडी जेसीबीच्या एका फावड्यात जातील, हे मला दिसत होतं. त्या रोज यायच्या. मी जाता-येता "ऊन फार आहे, घरी चला" एवढंच म्हणायचो आणि रातव्याच्या जेवणाचा विषय निघाला की कपाशीचा भाव काढायचो.

आखाजीच्या सकाळी बरडावर जेसीबी आला, पूजा सांगायला भटजी आले, आणि अक्का धुळ्याला न जाता खुर्चीत येऊन बसल्या. त्यांची नात प्रियल स्टीलच्या डब्यात उसाचा रस घेऊन उभी.

शेठचा धीर सुटला. "अगं, ज्याच्यापायी पारणं सोडलंस ते रात्री खातं! किडे खातं! विचार हिलालला!"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"पहिल्याच संध्याकाळी पाहिलं मी," अक्का म्हणाल्या. "चांगला मोठा पतंग होता. हिलालभाऊ, तुम्ही कपाशीचा भाव सांगायला लागलात की मला हसू यायचं."

"आणि तरी बसलीस?"

"त्याने कुठे नियम घेतलाय? नियम मी घेतलाय, आणि रात्री न खाण्याचा तुम्हीही घेतलाय, मुनी महाराजसाहेबांसमोर. मग रात्री दुकानातून येताना कचोरी कोण खातं? तोंडाला बडीशेपेचा वास मारला की मला कळत नाही?"

जेसीबीवाला तोताराम एवढ्या मोठ्याने हसला की पाखराने एक डोळा फटीएवढा उघडला आणि पुन्हा मिटला. शेठनी प्रियलच्या हातून डबा घेतला, रस पेल्यात ओतला आणि बरडावरच अक्कांना पारणं करवलं. पूजा दुसऱ्या कोपऱ्यात झाली. भटजींनी पूजेलाच मुहूर्त मानला, खोदाई पुढे ढकलली. जेसीबी उभा राहिला आणि तोताराम आमच्याकडे आमरस-पुरणपोळी जेवला.

पुढच्या आठवड्यात पिल्लं निघाली. मातीच्याच रंगाची. दोनच दिवसांत आईच्या हाकेमागे तुरुतुरु चालत माझ्या बांधाखाली आली. अक्कांनी बांधापर्यंत खुर्ची ओढत आणली आणि मागे न वळताच शेठला म्हणाल्या, "आता खोदा."

गोदाम उभं राहिलं. ईशान्येची भिंत थोडी वाकडी आहे, कारण तोताराम खोदताना सारखा जमिनीकडे बघत होता. त्यानंतर शेठनी रात्रीची कचोरी सोडली, असं ते स्वतः सांगतात.

लाडकुंवर अक्का २०२४ साली पौष महिन्यात वारल्या.